कुंपणावरचा शेवगा

आज शेजारच्या काकूंशी पुन्हा शेवग्यावरून बोलाचाली झाली. झाड त्यांच्या हद्दीत, पण अर्धा पसारा आमच्या अंगणात. पावसाळा लागला की त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिवसभर चिकटून बसतात. रात्री पाला खातात, आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांत एखादा सापडतोच. काल धाकटीच्या मानेवर लालबुंद गांधी उठल्या, पोर रात्रभर खाजवत होती. त्यात शेवग्याचं लाकूड ठिसूळ. वाऱ्याने फांदी कधी काडकन मोडेल, नेम नाही.

हे म्हणतात, सरळ कापून टाकू. मला ते अजिबात पटत नाही. शहरात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती लागली नसती, तरी शेजाऱ्याच्या झाडावर परस्पर कुऱ्हाड चालवणं हा शेजारधर्म नव्हे. याच झाडाच्या शेंगा काकू दरवर्षी न मागता आमटीसाठी पाठवतात.

पण शेंगा खाल्ल्या म्हणून लेकराच्या अंगावरचे सुरवंट सोसायचे, हेही मान्य नाही. ज्याचं झाड, त्याने त्याची निगा राखावी. शेवगा छाटला म्हणून मरत नाही. उलट जोमाने फुटतो, आटोक्यात राहतो, शेंगाही हाताला येतात.

काकू, मजुरी अर्धी अर्धी देऊ, पालिकेकडे अर्जही दोघी मिळून करू. पण पावसाचा जोर वाढायच्या आत आमच्या बाजूच्या फांद्या तेवढ्या उतरवून घ्या.