छोटी जीप, लांब शेपूट

वीकएण्डला मालवण म्हटलं की बॅगेत शॉर्ट्स, गॉगल आणि पोटात भूक, बस्स! आम्ही मात्र चक्क होडी घेऊन निघालो. मित्राने सेकंडहॅण्ड घेतलेली फायबरची होडी, तिच्याखाली ट्रेलर आणि पुढे त्याची लाडकी आखूड जीप. ट्रेलरचं वजन भरून ८०० किलो. मुक्काम पोस्ट मसुरे!

राधानगरीपर्यंत सगळं झकास. फोंडा घाट उतरताना एका वळणानंतर ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागला आणि त्याच्यासोबत जीपची मागची बाजूही. मित्राचा पाय ब्रेकवर जाणार, तेवढ्यात मागे बसलेले त्याचे काका ओरडले, ‘‘ब्रेक मारू नको रे! अ‍ॅक्सिलरेटर सोड, स्टेअरिंग सरळ धर!’’ डोलणं थांबलं. आमचे हातपाय मात्र बराच वेळ कापत होते.

काका मसुऱ्याचे. पॉवर टिलरला ट्रॉली लावून जांभ्याचे चिरे वाहण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. जागा बघून गाडी थांबवली, तेव्हा म्हणाले, ‘‘तू ट्रेलर ओढतस, काय तो तुका ढकलता?’’

चूक निघताना झाली होती. होडीचं इंजिन तिच्या मागच्या टोकाला. पेट्रोलचे डबे आणि आइसबॉक्सही आम्ही तिथेच कोंबलेले. मागे जड झालेला ट्रेलर डोलणारच. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जीपच्या हुकावर यायला हवा. कमी पडला तर शेपूट हलते, जास्त झाला तर जीपचं नाक उचलतं.

आखूड गाडीला हे जास्त जाणवतं. जिप्सीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २३७५ मिलिमीटर, तीन दारांच्या थारमध्ये २४५०. समजा, हूक मागच्या चाकांच्या एक मीटर मागे आहे आणि त्यावर ८० किलो भार आहे. तर थारची पुढची चाकं साधारण ३३ किलोने हलकी होतात, मागच्यांवर ११३ किलो वाढतात. आणि ट्रेलर आडवा खेचू लागला, तर आखूड गाडी लगेच फिरते.

आम्ही इंजिन सोडवून पुढे बांधलं, डबेही पुढे घेतले. टायरमधली हवा, हुकाची पिन, सुरक्षेच्या साखळ्या आणि मागचे दिवे तपासले. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल, तर त्याचंही ओझं जीपच्याच ब्रेकवर येतं, बॉस!

मसुऱ्यात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गड नदी इथून कालावलच्या खाडीला मिळते. अलीकडे भरतगड, पलीकडे भगवंतगड आणि मध्ये संथ पाणी. इथल्याच आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा भरते. तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते. त्या दिवसांत लाखो माणसं येतात, तेव्हा ट्रेलर घेऊन फिरकूही नका.

शेवटची परीक्षा रिव्हर्सची. काकांची टिप भारी होती. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवा. हात जिकडे न्याल, तिकडे ट्रेलरची मागची बाजू जाईल. अगदी हळू, दर दोन फुटांवर थांबत, जीपच्या चाकामागे चिरा लावायला एक जण उभा. तिसऱ्या प्रयत्नात होडी पाण्याला लागली.

खाडीत फेरी मारताना मित्र म्हणाला, ‘‘परतीला मी चालवतो.’’ काका हसले, ‘‘चालव. पण होडी मी बांधतलंय!’’