मिरवणुकीतलं जोडपं

प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा गावात संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ती सुरू केली. रीत युरोपातल्या मध्ययुगीन पश्चात्ताप-मिरवणुकींची. खांद्यांवर फ्रान्सचा राजा नववा लुई असतो, हंगेरीची एलिझाबेथ असते (चोविसाव्या वर्षी, १२३१ साली वारली). आणि एक साधं जोडपंही असतं, लुचेसियो आणि बोना.

तो इटलीतला धान्याचा व्यापारी, पैशाचा लोभी. मन पालटलं आणि घरातलं वाटत सुटला. बोना चिडली. हे मला फार खरं वाटतं! मग तिनं कोठी उघडली तर ती भाकरींनी भरलेली, अशी कथा आहे.

फतेगंजात लग्नाआधीच्या वर्गात मी हीच गोष्ट सांगते. घराचा हप्ता, गावी पाठवायचे पैसे, यात देवाच्या कामाला वेळ कुठून, असं मुलं सरळ विचारतात. संत म्हणजे फादर-सिस्टर, हा समज पक्का. पैशावरून भांडलेल्या नवराबायकोला लोक खांद्यावर घेऊन चालतात म्हटल्यावर वर्ग जरा हसतो.

परवा एका मुलीनं विचारलं, “पुढे बोनाचं काय?”

पुढे दोघांनी मिळून आजाऱ्यांची सेवा केली. १२६० साली एकाच दिवशी गेली, असं परंपरा सांगते.