सूरजागडचा दगड

एटापल्लीच्या एस.टी.त कंडक्टरने माझी पिशवी पायाने बाजूला सारायचा प्रयत्न केला. ती हलली नाही.

"काय आहे जी हिच्यात?"

"दगड आहे."

त्याने माझ्याकडे एकवार पाहिले आणि काही न बोलता तिकीट फाडले. मास्तर लोकांविषयीचे त्याचे मत तेवढ्यात कायमचे ठरून गेले असावे. दगड घेऊन सूरजागडला निघणे म्हणजे मीठ घेऊन समुद्राकडे जाणे, हे मलाही कळत होते. पण त्या दगडाची हकीकत वेगळी होती.

आमच्या कॉलेजला एक तळघर आहे. भूगर्भशास्त्राची आणि पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा तिथे कित्येक वर्षे नांदली. जुन्या मंडळींनी ती जमिनीखाली नेली त्यात विचार होता. तळघरात ऊन-थंडी फारशी पोहोचत नाही, रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरा कमी जाणवतो, नाजूक तराजूचा काटा स्थिर राहतो; आणि प्रकाशाचे प्रयोग करायला अंधार फुकट मिळतो. पुढे विद्यार्थी रोडावले. गेल्या वर्षी अशी सूचना आली की, तळघर रिकामे करून तिथे यंत्रदुरुस्तीची कर्मशाळा थाटावी. खाणी वाढताहेत, गाड्या वाढताहेत, मुलांच्या हातांना काम मिळेल. सूचना वाईट नव्हती. तिचा विचार करायला समिती नेमली गेली आणि तीत मलाही घेतले. मराठीच्या माणसाचा अशा व्यवहारात काही स्वार्थ नसतो आणि इतिवृत्त तो शुद्ध लिहितो, एवढीच माझी पात्रता.

पहिल्या बैठकीनंतर तळघरात डोकावलो, तर प्रयोगशाळेचे मामा दगडांच्या कपाटापुढे उभे.

"सर, हे फेकाले सांगतेत जी. इतकी वर्षं मी पुसले. फेकाले दुसरा माणूस पाहा."

त्यांनी एक काळा, जड दगड माझ्या हातात ठेवला. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते : 'हेमॅटाइट. सूरजागड.' मत देण्यापूर्वी तो दगड जिथून आला ती जागा एकदा पाहावी, असे माझ्या मनाने घेतले. जानेवारीत दोन दिवसांची सुटी जोडून मी निघालो.

चंद्रपूरहून बल्लारशा, गोंडपिपरी करीत गाडी आष्टीला येते. इथे वैनगंगा ओलांडली की मुलूख बदलतो. आलापल्लीपासून सागवान दुतर्फा दाटून येतो आणि बोलणारे प्रवासीही हळूहळू गप्प होतात. एटापल्लीच्या पुढे हेडरीकडे वळलो तेव्हा झाडांचा रंगच वेगळा दिसू लागला. पानांवर तांबड्या धुळीचा थर होता. समोरून खनिजाचे ट्रक एकामागून एक येत होते. प्रत्येक ट्रक गेला की रस्ता काही क्षण दिसेनासा होई.

मग डोंगर दिसला. आसपासच्या ७० गावांच्या माडिया लोकांचा ठाकूरदेव इथला. दर जानेवारीत त्याची जत्रा भरते. मी पोहोचलो तेव्हा ती नुकतीच उलगली होती. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पायऱ्या पायऱ्यांनी कापलेली खाण. २००७ साली सुमारे ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा दिला गेला. २०१६ साली काम सुरू झाले आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी पाऊणशेच्या आसपास वाहने जाळली. २०२१ पासून पुन्हा उत्खनन चालू झाले. एकाच डोंगराला कोणी देव म्हणतो, कोणी साठा म्हणतो, कोणी रोजगार म्हणतो. दोन दिवसांच्या पाहुण्याने त्यावर निकाल देऊ नये. पण वर पाहताना पिशवीतला दगड फार जड झाला, एवढे खरे.

लोखंडाची हाव या भागाला नवी नाही. जुन्या चांदा जिल्ह्यात गावोगाव मातीच्या लहान भट्ट्या होत्या. लोणारी कोळसा घालून, भाते चालवून लोक लोखंड गाळीत. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांद्याच्या लोखंडावर अहवाल लिहिला. तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचे स्वप्न जागे झाले, असा इतिहास आहे. लोहाऱ्याचे खनिज उत्तम ठरले, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही. स्वप्न दूर साकचीला जाऊन फळले. इथल्या भट्ट्या मात्र विझत गेल्या, आणि त्या कशा बांधायच्या, ऊब कशी ओळखायची, हे ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले. ते कुणी जाळले नाही की पळवले नाही. फुटलेली भट्टी पुन्हा लिंपणारा कोणी उरला नाही, एवढेच झाले.

परतताना रस्त्याकडेच्या एका टपरीवर चहाला थांबलो. शेजारी ट्रक दुरुस्तीचे छप्पर होते. वीस-बावीस वर्षांचा एक माडिया मुलगा पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभा होता. डॉक्टर छाती तपासतो तसाच. "बेरिंग गेली," तो म्हणाला. उघडून पाहिले तर बेरिंगच गेली होती. मला त्याचे भारी कौतुक वाटले. मी पिशवीतला दगड काढून त्याला दाखवला.

"हा तर आमच्याच डोंगराचा," तो हसला.

आमच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला एक युक्ती शिकवली होती. चहाचा कप पालथा करून, बुडाच्या खरखरीत कडेवर, जिथे चकाकी नसते तिथे, मी दगड घासला. काळ्या दगडाची रेघ लालभडक उमटली. मुलाने कप हातात घेतला, स्वतः घासून पाहिले, पुन्हा घासले.

"दगड काळा, रेघ लाल. मग सर, खरा रंग कोणता?"

मी सांगितले की, ढेकळाचा रंग फसवतो, भुकटीचा सहसा फसवत नाही. म्हणून दगड ओळखायला रेघ काढतात. तो रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणून डोंगर काळा अन् धूळ लाल." आणि थोड्या वेळाने, "हे असं शिकायले कोठी मिळते?"

ज्या कपाटात मिळते ते रिकामे करण्याच्या समितीवर मी आहे, हे मला सांगवेना.

परतीच्या एस.टी.त त्याच प्राध्यापकांनी बैठकीत सांगितलेल्या दोन खाणींची गोष्ट आठवली. तेव्हा मी ती अर्ध्या कानाने ऐकली होती. पहिली कोलारची सोन्याची खाण. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व इंग्रज शास्त्रज्ञांसह तिच्या पोटात, दोन किलोमीटरांहून खोल, उपकरणे मांडली आणि १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली. दुसरी अमेरिकेतल्या मिनेसोटातली सूदान नावाची लोखंडाची खाण. तिथले पहिले खनिज १८८४ साली बाहेर पडले, म्हणजे चांद्याच्या त्या अहवालानंतर दोनच वर्षांनी. १९६२ साली ती बंद झाली आणि सरकारने तिचे उद्यान केले. पुढे मिनेसोटा विद्यापीठाने सुमारे ७१० मीटर खोलीवर प्रयोगशाळा उभारली. ७३५ किलोमीटरांवरून, शिकागोजवळून सोडलेले न्यूट्रिनो टिपायला तिथे सुमारे ५,४०० टनांचे यंत्र जोडले. त्याचे पोलादी पत्रे पाळण्यातून तुकड्यातुकड्यांनी खाली नेले. ज्या खाणीतून ८० वर्षे लोखंड वर काढले, तिच्यातच माणसाने पुन्हा लोखंड उतरवले! २०१६ साली त्या यंत्राची मोजणी थांबली.

कोलारची खाण २००१ साली बंद झाली, पंप थांबले आणि पाणी चढत गेले. आज त्या खोलीवर कोणी जाऊ शकत नाही. सूदानची खाण बंद होऊनही जिवंत राहिली, कारण तिथे पंप चालू होते आणि पाळणा ओढणारे यंत्र कोणी ना कोणी तेल घालून, दोर तपासून चालते ठेवीत होते. शास्त्रज्ञ खाली उतरले ते त्या दुरुस्तीवाल्यांच्या जिवावर. तेव्हा अशा खोल जागेतली प्रयोगशाळा रिकामी झाली आणि तिथे डागडुजीची कर्मशाळा आली, तर ती ज्ञानाची अवनती नव्हे. जुन्या उपकाराची फेड म्हणता येईल. मात्र त्या कर्मशाळेत काम करणाऱ्याला इथे आधी काय मोजले जात होते, हे ठाऊक असले पाहिजे.

समितीच्या अहवालात मी तेच लिहिले. कर्मशाळा व्हावी. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळघरात साचून बसते आणि एक ठिणगी पुरे होते. म्हणून गाड्यांचे आणि वेल्डिंगचे काम वर, उघड्या छपराखाली करावे. खाली पंप, मोटारी आणि प्रयोगशाळेचीच मोडकी उपकरणे दुरुस्त व्हावीत. हवा खेचणारा पंखा आणि बाहेर पडायचा दुसरा दरवाजा आधी, बाके नंतर. आणि दगडांचे कपाट जिथे आहे तिथेच राहावे. शेवटच्या कलमावर बरीच चर्चा झाली. "कर्मशाळेत दगडांचे काय काम?" असे एक सभासद म्हणाले. मी खिशातून दगड काढला, त्यांच्या कपातला चहा संपायची वाट पाहिली आणि रेघ काढून दाखवली. कलम एका मताने मंजूर झाले.

दिवाळी आली तरी पंखा अजून बसलेला नाही. दुसऱ्या दरवाजाचे काम पावसाळ्यानंतर सुरू झाले आहे. तळघरात सध्या दोनच बाके आहेत. त्यांतल्या एकावर मामा मुलांना जुन्या तराजूचा काटा कसा बसवायचा ते शिकवतात. काळा दगड कपाटात परत गेला. मात्र मामांनी त्याच्या शेजारी एक फुटका कप ठेवला आहे, आणि त्याच्या बुडाची कड आताशा सदैव लाल असते.