चाकणच्या थोडं डावीकडे

दिवाळीनंतर मी हॅम रेडिओच्या अँटेनाच्या मास्टवर चढणं सोडलं. उजव्या हाताच्या बोटांत पाना टिकत नाही. आता माझा शिष्य चढतो. तो चाकणच्या एका टूलरूममध्ये नोकरीला आहे. मी चिंचवडच्या गच्चीवरून अंश सांगतो.

डिसेंबरात एका रात्री त्याने अँटेना फिरवणारा रोटर शून्यावर आणला, बूमच्या रेषेत ध्रुवतारा शोधला आणि म्हणाला, "काका, शून्य अकरा अंशांनी सरकलंय."

अँटेना कुठल्या अंशावर वळवायची ते ज्यावरून सांगतो, तो माझा नकाशा बरोबरच होता. चिंचवड मध्यभागी धरून, लॉग टेबलं घेऊन तो मी हाताने काढलाय. शाळेच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला. इथून मात्र न्यूयॉर्क ३३४ अंशांवर, देहूच्या जरा डावीकडे, आणि सॅन फ्रान्सिस्को १५ अंशांवर, चाकणच्या थोडं डावीकडे. चिंचवडच्या नेमक्या पाठीमागचा बिंदू, ईस्टर बेटाच्या उत्तरेला हजारेक किलोमीटरवरचा, ताणून ताणून नकाशाची सगळी कड होतो. येणाऱ्या प्रत्येकाला हा नकाशा मी दाखवत आलो. शून्य कसं लावलं, ते कधी कुणाला सांगितलं नाही.

कंपास मी वापरला नव्हता. मास्टच्या लोखंडाजवळ सुई भरवशाची नसते. ओळंब्याच्या सावलीवर उत्तर धरली, तीही मेअखेरीस. तेव्हा सूर्य माथ्यापासून जेमतेम तीन अंश उत्तरेला असतो आणि मध्यान्हीच्या आसपास सावली मिनिटाला चार अंशांहून जास्त वळते. रेखांशाचा हिशेब करून मी बारा पस्तीस धरले. सूर्य त्या दिवसांत घड्याळाच्या अडीच मिनिटं पुढे असतो, ते विसरलो. अडीच मिनिटांचे अकरा अंश झाले. हिवाळ्यात तीच चूक अंशभराची ठरली असती.

तीन एलिमेंटच्या यागी अँटेनाचा झोत साठेक अंश रुंद. म्हणून इतकी वर्षं कुणाच्या कानाला काही लागलं नाही. हल्ली बरेच जण अँटेना फिरवतात आणि सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर चढला की थांबतात. मला ते मान्य नाही. लाँग पाथने, म्हणजे पृथ्वीला उलट बाजूने वळसा घालून, तोच सिग्नल पाठीमागूनही येतो. मीटर चढल्याने स्टेशन कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही.

त्या रात्री मी त्याला म्हणालो, पावसाळी वाऱ्याने मास्ट फिरला असेल. ते खोटं होतं. मास्ट फिरू नये म्हणून बुडाशी मी ठोकलेली पिन जागच्या जागी होती. त्याच्यापुढे चुकलो म्हणणं मला जमलं नाही.

रविवारी तो पाना घेऊन आला. वर चढण्याआधी मी त्याला वाकायला लावलं आणि ती पिन दाखवली.