मोगऱ्याचा फाया

नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले, की वडील हिना अत्तराचा फाया कानात खोचीत. हिना भारदस्त, माणसाच्या आधी खोलीत शिरणारा! मला आवडे मोगरा. कनोजला जुन्या रीतीने तांब्याच्या डेगीत फुले उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरते. म्हणून तो सौम्य असूनही टिकतो. पण ‘मास्तरांना हे शोभते का?’ असे कुणी म्हणेल या धाकाने वर्षानुवर्षे मीही हिनाच लावला.

वडील गेल्यावर त्यांची अत्तरदाणी उघडली. हिनाची कुपी निम्मी भरलेली. मोगऱ्याची मात्र तळाला गेलेली! त्यांनाही कुणाचा तरी धाक असावा.

यंदा दिवाळीला मनगटावर मोगऱ्याचा एकच थेंब लावीन म्हणतो. कुणी हसले, तर खुशाल हसो!