पावसाची तारीख

आदिलाबादला बसून मी नेमकं काय करते, असं आपल्या मंडळातली मुलं विचारतात. "कॉम्प्युटरचं काम" म्हटलं की त्यांना एआय नाहीतर अ‍ॅप वाटतं. माझं काम जुनाट आहे. भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने तयार केलेला देशभरच्या रोजच्या पावसाचा साठा आहे, 1901 सालापासूनचा. त्यातले आकडे संशोधकांना काढून देणारे जुने प्रोग्राम मी एका गटासाठी घरूनच सांभाळते. ते फोर्ट्रानमध्ये आहेत. ही भाषा 1957 साली आली, म्हणजे माझ्या बाबांपेक्षा वयानं मोठी.

एका वर्षाची एक फाईल. आत नुसते आकडे. गावाचं नाव नाही की तारीख नाही. देशावर पाव अंशाची जाळी टाकली आहे, रोजच्या 129 ओळी आणि प्रत्येक ओळीत 135 आकडे. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून उत्तरेकडे 54वी ओळ आणि तिच्यातला पूर्वेकडचा 49वा आकडा म्हणजे साधारण आपलं आदिलाबाद. हे फाईल सांगत नाही, वाचणाऱ्या प्रोग्रामला ठाऊक असतं. तो गेला की आकडे मुके.

गेल्या पावसाळ्यात गटातल्या नव्या मुलाने विचारलं, "ताई, पाऊस एक दिवस उशिरा दिसतोय. दुरुस्त करू का?" त्याने नीट ताडून पाहिलं होतं. बेल्याच्या एका शेतकऱ्याच्या वहीत पाऊस मंगळवारी दुपारी, आमच्याकडे बुधवारी.

चूक कुणाचीच नव्हती. हवामान खात्याची केंद्रं पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. कालच्या साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात. मंगळवारची दुपार बुधवारीच मोजली जाते. 30 जूनच्या संध्याकाळची सर जुलैत जाते.

आम्ही तारीख सरकवली असती, तर आमचा जून आणि शंभराहून जास्त वर्षांचे जुने जून जुळलेच नसते. यंदाचा पाऊस कमी की जास्त, हे जुन्याशी ताडूनच कळतं. आणि आपल्याकडे सरकी कधी लावायची, हा प्रश्न जूनच्या पावसावरच अडतो.

प्रोग्रामच्या त्या ओळीपाशी कारण लिहिलेलं नव्हतं. लिहिणारे कधीच निवृत्त झाले. आता तिथे चार वाक्यं आहेत, त्याच मुलाने लिहिलेली.

तोच आता हे सगळं पायथनमध्ये आणतोय. जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी-शेजारी चालतात. 1901पासूनच्या प्रत्येक दिवसाचं उत्तर सारखं आलं, की जुना निवृत्त. तोवर म्हातारा नोकरीवर!

तुमच्यापैकी कुणाला हे काम शिकायचं असेल, तर मला जरूर गाठा. पण आधी एक करा. शेतावर पर्जन्यमापक लावा, महिनाभर रोज सकाळी साडेआठला वाचा आणि वहीत लिहा. प्रोग्रामची निम्मी समज तिथेच येईल.