चोवीस ट्रॅकांवरचा संसार

ध्वनिमुद्रण शिकायला आलेल्या मुलांना मी फ्लीटवूड मॅक या बँडचा ‘रूमर्स’ आवर्जून ऐकायला लावतो. ४ फेब्रुवारी १९७७ला आलेल्या या अल्बमच्या चार कोटींच्या आसपास प्रती खपल्या, ग्रॅमीही मिळालं. मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणानं. अगदी आतलं दुःख गाण्यात उतरवायला किती कारागिरी लागते, ते इथे कानांना कळतं.

१९७६च्या सुरुवातीला बँडचे पाच जण कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटोच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत आले, तेव्हा एकाचंही घर धड नव्हतं. बास वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि कीबोर्डवरची क्रिस्टीन यांचं लग्न मोडलं होतं. गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स वेगळे होत होते. ड्रमर मिक फ्लीटवूडचा संसारही उसवला होता. लिंडसीनं स्टीव्हीला उद्देशून ‘गो युअर ओन वे’ लिहिलं आणि त्याच्यामागे सूर धरायला तीच उभी राहिली. क्रिस्टीननं आपल्या नव्या प्रेमावर गाणं केलं, त्यात बास जॉननंच वाजवला.

हे निभलं त्याचं थोडं श्रेय मी चोवीस ट्रॅकच्या यंत्राला देतो. त्यावर प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र, आपापल्या वेळी घेता येतो. अबोला धरलेले कलाकार माझ्याकडेही येतात. अशा वेळी मी गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये दुसऱ्याचा आवाज जरासा वर ठेवतो. कितीही राग असला तरी गाणारा नकळत त्या श्वासाशी आपला श्वास जुळवतो. ‘रूमर्स’मधल्या एकत्र गायलेल्या ओळी ऐकताना मला तेच जाणवतं.

‘ड्रीम्स’ स्टीव्हीनं बाजूच्या एका खोलीत काही मिनिटांत लिहिलं. कॉर्ड मोजून दोन-तीन, त्याही पुन्हा पुन्हा त्याच. क्रिस्टीनला ते आधी कंटाळवाणं वाटलं होतं. लिंडसीनं त्याच कॉर्डवर तीन वेगवेगळ्या रंगांचे भाग रचले. ज्या बाईपासून तो दुरावत होता, तिच्या गाण्यासाठी त्यानं ही मेहनत घेतली. कलावंताची निष्ठा मी याला म्हणतो.

‘साँगबर्ड’साठी ध्वनिमुद्रक केन कॅले यांनी स्टुडिओच सोडला. बर्कलीच्या झेलरबाख सभागृहात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, क्रिस्टीन एकटी पियानोवर बसली. लय सुटू नये म्हणून लिंडसी आडोशाला गिटार छेडत होता. काही माइक मुद्दाम दूर ठेवले होते. खाजगी गाणं म्हटलं की आपण माइक गायकाच्या ओठांना चिकटवतो. इथे मोठ्या सभागृहाची हवा आवाजाभोवती आहे, आणि तरीही गाणं फार जवळचं वाटतं.

अनेक महिने ट्रॅकवर ट्रॅक चढत गेले आणि टेप झिजली. टेपवरचा चुंबकीय लेप यंत्राच्या हेडवर घासून उडत जातो. आधी जातात ते वरचे, तीक्ष्ण स्वर. ड्रमची धारच बोथट झाली. सुदैवानं मूळ वादन दुसऱ्या यंत्रावरही घेतलेलं होतं. ती कमी वाजलेली टेप काढून, एका कानात झिजलेली टेप आणि दुसऱ्या कानात ही टेप ऐकत, यंत्राचा वेग हातानं कमीजास्त करत दोन्ही जुळवल्या गेल्या. गाण्यामागून गाणं, निव्वळ कानांच्या भरवशावर. एवढ्या चिकाटीवाचून त्या पाच जणांची व्यथा आपल्यापर्यंत बोथट होऊनच पोचली असती.

म्हणून कोणी स्वतःचं अगदी आतलं गाणं घेऊन आलं, की मी आधी तंबोरा किंवा गिटार नीट लावून घेतो, हेडफोनचा आवाज तपासतो, माइकचं अंतर ठरवतो. गाताना रडू फुटलेला टेक मी सहसा ठेवत नाही. पाणी पिऊन, सावरून, पुन्हा उभं राहून गायलेला टेक ठेवतो. त्यात गाणाऱ्याचं दुःख पुरतं असतं, आणि ऐकणाऱ्याला स्वतःचं दुःख ठेवायला जागाही असते.